कोंडिविट्याचा रविवार

अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या एका दागिन्यांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं काढली. काम पॅकिंगचं आणि हिशेबाचं. सोन्याला हात लागायचा तो वजनकाट्यावर ठेवण्यापुरता, पण बाहेर पडताना झडती सगळ्यांसारखीच. कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा आमच्याकडे वाया जात नसे. ते पिंपात साठायचं, फरशीवरची धूळ ब्रशनं गोळा व्हायची आणि त्यातून पुन्हा सोनं काढलं जायचं. जुन्या सराफकट्ट्यांत हेच काम झारेकरी करत. कणाकणाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या आवारात एक अख्खं देऊळ बेहिशेबी उभं होतं, आणि मला ते कधी खटकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत जिन्याच्या खिडकीतून दिसायचं. झाडीत अर्धा बुडालेला काळपट दगडी माथा, मधून पलीकडचं आभाळ. छप्पर नसल्यामुळे आभाळ.

नव्यानं लागलेल्या माणसाला त्याची ओळख एकाच प्रकारे करून दिली जाई. "तिकडं संध्याकाळी जाऊ नकोस, नवरी दिसते." पांढऱ्या कपड्यातली नवरी म्हणे. आमच्या कुणाला ती दिसली नव्हती. ती नेहमी दुसऱ्या इमारतीच्या वॉचमनला दिसायची, आणि तो वॉचमन नेहमी गावी निघून गेलेला असायचा.

नोकरी सुटली आणि काही वर्षांनी एक इंग्रजी ग्रंथ हातात पडला. वालिद खालिदी यांनी संपादित केलेला 'ऑल दॅट रिमेन्स', 1992 साली निघालेला. जाडजूड, नकाशे आणि फोटोंनी भरलेला. 1948 च्या युद्धात आणि त्याच्या आगेमागे पॅलेस्टाइनमधली जी गावं रिकामी झाली, त्यांतल्या 418 गावांची एकेक नोंद त्यात आहे. प्रत्येक नोंदीचा साचा एकच. गाव कुठं होतं, घरं किती, माणसं किती, काय पिकायचं. मग ते कसं घेतलं गेलं, माणसं कशी निघाली. त्या जमिनीवर आता काय आहे. आणि शेवटी एक परिच्छेद, गाव आज कसं दिसतं. हा शेवटचा परिच्छेद मी आधी वाचायचो. दगडांचे ढीग, एखादी कमान, कबरी, अंजिराची आणि बदामाची झाडं, आणि बहुतेक ठिकाणी निवडुंग. घरं पाडता येतात, निवडुंग नाही. तो मुळापासून पुन्हा फुटतो. त्यामुळे कुंपणं उरली आणि त्या कुंपणांवरून आतलं गाव ओळखता येतं. निवडुंगाला अरबीत सब्र म्हणतात, आणि धीर धरण्यालाही सब्र. आपली सबुरी तीच.

आपल्याकडे अशा गावाला जुन्या कागदपत्रांत 'बेचिराग' असा शब्द आहे. बे चिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. फारसी विसरल्यावर लोकांनी त्यात राख घातली आणि शब्द 'बेचिराख' झाला, म्हणजे जळून गेलेलं. मूळ शब्दात आगीचा संबंध नव्हता, फक्त अंधाराचा होता. विदर्भात अशा जागेला रीठ म्हणतात, आमच्याकडे नुसतं पांढर. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. चुलीतली राख, शेण, पाडलेल्या भिंतींची माती पिढ्यान् पिढ्या साचून जमीन पांढरी पडते. माणसं गेली तरी ती काळी व्हायला फार वर्षं लागतात.

आमची पांढर पाण्याखाली आहे. कोयनेच्या शिवसागरात. आजोबा तापोळ्याहून लाँचनं जाताना मधेच बोट खाली करून म्हणायचे, "हितं." आम्ही पोरं पाण्यात बघायचो. पाणी सगळीकडे सारखंच. ते एवढ्यासाठी सांगितलं, की खालिदींच्या ग्रंथातला शेवटचा परिच्छेद मी आधी का वाचायचो ते कळावं. आणि मग एका रात्री लक्षात आलं, की असलंच एक गाव मी चौदा वर्षं जिन्याच्या खिडकीतून बघत होतो.

मरोळमध्ये राहणारा माझा एक जुना सहकारी आहे, सेटिंग खात्यातला. ईस्ट इंडियन, म्हणजे इथला जुना मराठी ख्रिस्ती. त्या देवळाबद्दल त्याला फोन केला तर म्हणाला, "मे महिन्यात ये. आईला न्यायचंच असतं."

मे महिन्यातल्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी आधी त्याच भागातल्या लेण्यांकडे गेलो. अंधेरी पूर्वेचा महाकाली केव्हज रोड रिक्षावाल्यांना पाठ असतो, पण लेण्यांपर्यंत कधी गेलात का, असं विचारलं तर दहातले नऊ हसतात. नाव महाकाली असलं तरी लेणी बौद्ध आहेत. महाकालीचं देऊळ शेजारी आहे. पुरातत्त्वाच्या दप्तरी त्यांचं नाव कोंडिविटे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढं पाच-सहाशे वर्षं इथं खोदकाम चाललं. दगड हलका, ठिसूळ, खडे मिसळलेला. अजिंठ्यासारखं कोरीव काम त्यावर टिकलं नसतं. पण नवव्या लेण्यात गेल्यावर मी बराच वेळ तिथंच बसलो. आत स्तूप आहे आणि त्या स्तूपाभोवती दगडातच गोल भिंत सोडली आहे, तिला जाळीच्या खिडक्या. म्हणजे आधी एक खोली, खोलीत एक गोल झोपडी, झोपडीत स्तूप. कुडाची, गवताने शाकारलेली झोपडी डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी ती डोंगराच्या पोटात काढली. अशी रचना बिहारमधल्या बराबरच्या टेकडीवर आहे, इतरत्र दुर्मीळ. खिडकीच्या वर ब्राह्मीत एक छोटा लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणानं भावासह विहार दान दिल्याचा.

भिक्षू गेले, डोंगर ओस पडला. त्याबद्दल कुणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटून घेण्याइतकं जवळचं कुणी उरलं नाही म्हणून असेल. लेण्यांना कुंपण आहे, निळी पाटी आहे, राखणारा माणूस आहे. भग्नावशेष पुरेसा जुना झाला की सरकारला परका वाटत नाही.

रविवारी सकाळी मेट्रोनं मरोळ नाक्याला उतरलो. हे स्टेशन आता दोन मार्गांचं झालं आहे, 2014 पासून वर आणि 2024 पासून खाली. बाहेर आलो की विमानाचा आवाज, बसचा आवाज आणि कुठूनतरी सुक्या बोंबलाचा वास. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार जुना आहे. वास थोडा इकडेतिकडे होतो, जात नाही. तिथून चर्च रोडनं आत गेलं की दोन मरोळ एकमेकांत मिसळलेली दिसतात. एका बाजूला काचेची ऑफिसं, हॉटेलं. दुसऱ्या बाजूला मधेच एखादी पाखाडी, उतरत्या कौलांचं घर, पुढं ओटा, ओट्यावर मिरच्या वाळत घातलेल्या, कारण मे महिना म्हणजे बाटली मसाल्याचा महिना. वर्षभराचा मसाला कुटून रंगीत काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून बाटली मसाला. गल्लीच्या तोंडाशी खुरूस, त्याला झेंडूचा हार. मुंबईतले असे बरेच खुरूस 1896 च्या प्लेगच्या वेळी उभे राहिले. प्लेग आला तेव्हा लोकांनी गाव सोडलं नाही, वेशीवर क्रूस उभा केला. त्याच्या आधीच्या साथीत मात्र गाव सोडलं होतं. तीच गोष्ट मला ऐकायची होती.

सहकाऱ्याची आई ऐंशीच्या पुढची. मी त्यांना मावशी म्हणतो. लाल चौकड्यांचं लुगडं आता सणालाच नेसतात, त्या दिवशी नेसल्या होत्या. गेल्या गेल्या त्यांनी मला फुगे आणि चहा दिला. नारळाच्या दुधात आंबवलेल्या पिठाचे हे गोल फुगे गरम खायचे असतात. मी बोलण्यात गार केले, तर बोलणी खाल्ली.

"सायबा, आधी इथल्या देवळान चल," त्या म्हणाल्या. चर्चला त्या देऊळच म्हणतात. वसईपासून मरोळपर्यंतच्या जुन्या ख्रिस्ती घरांत हाच शब्द आहे. धर्म बदलला, राज्यं बदलली, देवाच्या घराचं नाव बदलावं असं कुणाला वाटलं नाही.

मरोळचं हे चर्च सेंट जॉन इव्हँजेलिस्टचं. आवारात आंब्याची सावली, लग्नाची गडबड. मावशींनी मला थेट बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी नेलं आणि त्याच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे तिथलं. आमचं सगळं हितं आणलं त्यांनी."

तिथलं म्हणजे कोंडिविट्याचं. तिथं 1579 साली पोर्तुगीज जेजुइट पाद्र्यांनी सेंट जॉन बाप्टिस्टच्या नावानं चर्च बांधलं आणि 1588 साली ते लोकांसाठी उघडलं. तेव्हा साष्टी बेट पोर्तुगीजांकडे येऊन अर्धं शतक होत आलं होतं; 1534 च्या तहानं गुजरातच्या सुलतानानं वसई आणि आसपासचा मुलूख त्यांना दिला होता. भातशेती करणारे इथले कुणबी, कोळी, भंडारी ख्रिस्ती झाले. कुणी मनानं, कुणी लाभानं, कुणी धाकानं. चारशे वर्षांनंतर हे वेगळं काढता येत नाही. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यात शिवाच्या गाभाऱ्याचं चर्च झालं तो हाच काळ. तेव्हा कोंडिविट्याचं देऊळ म्हणजे निव्वळ निरागस वास्तू, असं मी म्हणणार नाही. पण ते बांधणाऱ्यांचं राज्य गेलं तरी देऊळ राहिलं. मराठे आले, 1739 ला वसई पडली. पस्तीस-छत्तीस वर्षांनी इंग्रज आले. गावात भात पिकत राहिला, मिस्सा होत राहिली.

मग 1840 साली साथ आली. कसली, ते मावशींच्या घरात कुणी सांगत नाही. नुसतं 'साथ'. माणसं इतकी मेली की उरलेल्यांनी गाव उचललं आणि मरोळला आले. चर्चचे त्या वेळचे व्हिकार जुझे लोरेन्सो पाइस यांनी मरोळला नवं चर्च उभारलं आणि जुन्या देवळातल्या मूर्ती, वेदी, खांब, हे कुंड, सगळं इकडे आणवलं. नेता येण्यासारखं सगळं नेलं. भिंती नेता येत नव्हत्या.

ते कुंड बघताना मला एक गोष्ट जाणवली. आपल्याकडे गाव हललं की आधी देव हलवतात. कोयनेतही तसंच झालं. देव नव्या वसाहतीत गेले आणि जुनं देऊळ रिकामं पाण्यात राहिलं. मूर्तीशिवाय देऊळ म्हणजे चार भिंती, मग त्याचं काही झालं तरी पाप लागत नाही, अशी आपली व्यवस्था. मावशींच्या लोकांनीही देव हलवला. पण मग त्या भिंतींकडे वर्षातून एकदा जायचं कशासाठी, हे मी त्यांना विचारलं.

"आईचं घर पडलं तर माहेर सुटतं का?" असं म्हणून त्या पुढं चालायला लागल्या.

मरोळहून कोंडिविट्याची जुनी जागा पायी अर्ध्या-पाऊण तासाची. आम्ही मावशींमुळे रिक्षा केली. ही सगळी जमीन एके काळी भाताची होती. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत अंधेरी-मरोळची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली. 1973 साली त्यातलाच सुमारे शंभर एकरांचा तुकडा निर्यातीसाठी वेगळा काढून त्याला कुंपण घातलं. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे आमचं सीप्झ. नावात सांताक्रूझ, जागा अंधेरीची, जमीन कोंडिविट्याची. सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीजमध्ये पवित्र क्रूस, ही त्यातली गंमत नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसणार. आधी इलेक्ट्रॉनिक्स, मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला हिरे-दागिने आले, मग सॉफ्टवेअर. माल परदेशी जाणारा, म्हणून हद्द कस्टम्सची, आणि म्हणून कार्डाशिवाय आत जाता येत नाही. जुनं देऊळ त्या कुंपणाच्या आत आलं.

गेटवर रांग होती. म्हातारी माणसं, नटूनथटून आलेली पोरं, गिटार पाठीला लावलेला एक मुलगा. ओळखपत्रं दाखवून, नावनोंदणी करून एकेक जण आत सोडत होते. सगळं शांतपणे, अदबीनं चाललं होतं. तक्रारीला जागा नव्हती. मी सवयीनं खिशात हात घातला. कार्ड नव्हतं अर्थात, पण हाताला ते आठवत होतं. चौदा वर्षं मी या फाटकातून मान वर न करता आत गेलो होतो. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, तेही पाण्याखालचं. आणि जिच्या पूर्वजांची भातखाचरं या डांबराखाली आहेत ती बाई आधार कार्ड डोळ्यांजवळ धरून रांगेत उभी होती. मला चौदा वर्षं रोज जाता आलं. तिला कुंपण पडल्यापासून मे महिन्यातले काही रविवार.

आत आल्यावर रस्ते मला पाठ. ही एसडीएफ, म्हणजे कारखान्यांची इमारत, ती दुसरी एसडीएफ, तो कॅन्टीनचा कोपरा. रविवार असल्यामुळे सगळं सामसूम. माझ्या जिन्याची खिडकी खालून ओळखली. आणि मग, जिथं मी कधीच वळलो नव्हतो, तिथं आम्ही वळलो.

जवळून देऊळ वाटतं त्याहून खूप मोठं आहे. खिडकीतून मी फक्त डोकं बघत होतो. दर्शनी भिंत पूर्ण उंचीनं उभी. खाली कमानी, वर खिडक्यांची भोकं, त्यांतून दिसणारं तेच आभाळ. आत गेलं की दोन्ही बाजूंच्या जाड भिंती आणि मधे मोकळी जमीन. भिंतीतून पिंपळ आणि वड निघालेत, त्यांच्या मुळांनी चिरे धरलेत. हे झाड भिंत पाडतंय की उभी ठेवतंय, हे ठरवणं अवघड. बहुधा दोन्ही, आधी एक आणि मग दुसरं. जमीन साफ केलेली होती, पालापाचोळा कडेला ओढलेला. वेदीच्या जागी टेबल, त्यावर पांढरं वस्त्र, मेणबत्त्या. मेणबत्त्या वाऱ्यानं सारख्या विझत होत्या आणि एक छोटी मुलगी त्या सारख्या लावत होती. तिला बहुधा तेवढंच काम दिलं होतं.

मिस्सा मराठीत झाली. मधे तीनदा विमान गेलं, तेव्हा पाद्रीबाबा थांबले. लोकही थांबले. विमानतळाजवळ राहणाऱ्यांना वाक्य मधेच धरून ठेवायची सवय असते.

इथं मला खालिदींच्या ग्रंथातल्या दोन नोंदी आठवत होत्या. त्या आठवू नयेत असा प्रयत्न करत होतो, कारण तुलना सरळ नाही. उत्तर गॅलिलीत, लेबनॉनच्या सीमेजवळ, इक्रित नावाचं गाव होतं. वस्ती सुमारे पाचशे, बहुतेक सगळे ख्रिस्ती. नोव्हेंबर 1948 मध्ये इस्रायली सैन्यानं त्यांना सांगितलं, सीमेवर गडबड आहे, दोन आठवड्यांसाठी बाहेर जा. ते गेले. दोन आठवडे संपले, परत येऊ दिलं नाही. लोक इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै 1951 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, सैन्यानं गावातली घरं सुरुंगांनी उडवली. चर्च आणि दफनभूमी तेवढी सोडली. आजही ती माणसं आणि त्यांची नातवंडं त्या टेकडीवरच्या एकट्या चर्चमध्ये मिस्सेला येतात, आणि मेल्यावर त्यांना तिथं पुरता येतं. जिवंतपणी राहता येत नाही.

त्याच भागातलं कफ्र बिरिम, तेही ख्रिस्ती, 1953 मध्ये विमानातून बाँब टाकून पाडलं. त्या गावाच्या जागी आता राष्ट्रीय उद्यान आहे. ज्यूंचं प्राचीन प्रार्थनाघर तिथं जपून ठेवलं आहे, आणि त्याच्या भोवतीनं विसाव्या शतकातल्या घरांच्या भिंती पडल्या आहेत. ते वाचल्यावर मला कोंडिविट्याच्या लेण्यांची निळी पाटी आठवली होती. फार जुन्याला पाटी, थोड्या जुन्याला कुलूप.

पण कोंडिविटं बंदुकीनं उठलं नाही. आपल्या पायानं उठलं, रोगाला भिऊन, आणि जवळच बसलं. इक्रितच्या माणसाला घर मागायला न्यायालयात जावं लागलं. मावशींच्या घराण्याला मरोळमध्ये दुसरं घर मिळालं, देव मिळाला, कुंड मिळालं. यातना एका तराजूत घालणं हे मला हिशेबनीस म्हणूनही चुकीचं वाटतं. साम्य आहे ते नंतरच्या गोष्टीत. गाव रिकामं होणं ही एक घटना. रिकाम्या गावाभोवती कुंपण पडणं ही दुसरी, आणि ती कितीतरी वर्षांनी, वेगळ्याच माणसांच्या हातून, वेगळ्याच कामासाठी घडते. 1840 ते 1973 या एकशे तेहतीस वर्षांत मावशींच्या माणसांना या भिंतींपाशी यायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. गुरं चारायला यायचे, करवंदं काढायला यायचे, पोरं भिंतीवर चढायची. तोपर्यंत हे ओसाड गाव होतं, पण त्यांचं होतं. बेचिराग शब्दाचा खरा अर्थ मला तिथं उभा असताना थोडा वेगळा लागला. दिवा लावायला कुणी नाही असा नव्हे, तर दिवा लावायला परवानगी लागते असा.

गोव्यात सांगे तालुक्यात असंच वर्षातून एकदा भेटणारं कुर्डी म्हणून गाव आहे, मोगुबाई कुर्डीकरांचं. साळावली धरणात ते बुडालं. दर मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा गाव वर येतं आणि जुने रहिवासी परततात. सोमेश्वराच्या देवळात पूजा होते, ख्रिस्ती माणसं आपल्या कपेलात जमतात. तिथं फाटक पाण्याचं आहे, पावसाळ्यात बंद, उन्हाळ्यात उघडं. आमच्या शिवसागराला तेवढीही दया नाही.

मिस्सा संपल्यावर लोक पांगले. म्हणजे निघाले नाहीत, पांगले. कुणी भिंतीला टेकून डबा उघडला, कुणी पोरांना दाखवत होतं. एक गृहस्थ फोनवर कॅनडातल्या भावाला चित्र दाखवत होते, "हां, हां, तोच कोपरा." मी मावशींना नवरीच्या भुताबद्दल विचारलं. चौदा वर्षांची उत्सुकता होती.

त्या हसल्या ते खोकेपर्यंत. "भूत? पोरा, हितं कोन पुरलेत तुला ठावं हाय? आमचेच म्हातारे. त्यांना आमी भ्यायचं?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमाला भ्या वाटंल. तुमचं कोन नाय ना हितं."

त्यावर मी काही बोललो नाही. त्या म्हणाल्या ते बरोबर होतं. ज्या जागेत आपलं कुणी नसतं तिथं आपण भूत घालतो. आम्ही हजारो कामगार त्या भिंतींच्या सावलीत डबे खात होतो, आणि आमच्यापैकी एकालाही गावाचं नाव माहीत नव्हतं. मग नवरी आली.

नवरीवरून मावशींना लग्न आणि उंबराचं पाणी आठवलं. ईस्ट इंडियन लग्नात विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणून नवरानवरीला आंघोळ घालतात, त्या विधीचं हे नाव. त्यांच्या वेळी मरोळच्या गावठाणातल्या विहिरीचं पाणी आणलं होतं. त्यांच्या सासूच्या वेळी दुसऱ्या विहिरीचं. नातीच्या लग्नात नळाचं आणलं. विहीर होती तिथं आता गाड्या उभ्या राहतात. घुमट मात्र खराच वाजवला, असं त्यांनी आवर्जून सांगितलं.

परत येताना मी त्यांना 2020 चं विचारलं. मरोळमधलंच एक मोठं रुग्णालय तेव्हा मुंबईचं कोविडचं मोठं केंद्र झालं होतं. रात्रभर रुग्णवाहिका चर्च रोडच्या आसपास ऐकू यायच्या. तेव्हा पूर्वजांसारखं कुठं जावंसं वाटलं का?

"कुठं जायचं?" मावशी म्हणाल्या. "तवा कोंडिविट्यासनं मरोळला आले. मरोळासनं कुठं?"

घरी आल्यावर त्या रात्री मी खालिदींच्या साच्यात एक नोंद लिहून बघितली. गाव: कोंडिविटे. व्यवसाय: भातशेती. रिकामं झालं: 1840, साथीनं. जमिनीवर आता: निर्यात क्षेत्र, 1973 पासून. गाव आज: छप्पर नसलेलं चर्च, पिंपळ, वड. नाव आज: अंधेरी-कुर्ला रोडपासून आत जाणाऱ्या एका गल्लीला आणि बौद्ध लेण्यांना. माणसं आज, असा रकाना त्या ग्रंथात मला दिसला नव्हता; तो मी वाढवला आणि त्यात मरोळ असं लिहिलं.

तुम्हाला जायचं असेल तर मे महिना लागायच्या आधी मरोळच्या चर्चमध्ये चौकशी करा, तारीख तिथं कळते. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. मिस्सा सुरू असताना फोटो काढू नका. आणि भिंतींत उगवलेल्या झाडांच्या मुळांवर चढू नका, चिरे सुटलेले आहेत. खुर्च्या पुरत नाहीत. बरोबर म्हातारं माणूस असेल तर घरूनच एक न्या.